ओरडतंय कोण, दुखतंय कुणाला

गॅरेजमध्ये गेलेला माणूस काही मिनिटांपुरता नकलाकार होतो. एरवी चारचौघांत तोलूनमापून बोलणारे बँकेचे साहेब तिथं ओठांचा चंबू करून ‘चुईं… चुईं…’ असा आवाज काढून दाखवतात. टँकरवाला पोटातून ‘घर्रर्र’ काढतो. दिंडीच्या टेम्पोचा ड्रायव्हर जीभ टाळूला लावून ‘टक् टक् टक्’ करतो आणि ‘चढाला लागली की असं करती’ अशी पुस्ती जोडतो. आजूबाजूचे हसतात, मेस्त्री हसत नाही. त्याच्या लेखी ही कैफियत असते. आवाज सुरू करताना येतो का पळताना, एसी लावल्यावर वाढतो का, स्टेअरिंग पूर्ण वळवलं की काय होतं, पाऊस पडून गेल्यावर काही फरक पडतो का, एवढं तो विचारून घेतो. करकर वेगळी, घरघर वेगळी, खडखड वेगळी. गिऱ्हाईकाला नेमकी नक्कल जमली तर निम्मं निदान बोनेट न उघडताच उरकतं.

पंढरपुरात इसबावीच्या बाजूला अशी गॅरेजं आहेत. आषाढी जवळ आली की तिथं उभं राहायला जागा नसते. दिंड्यांबरोबर चालणारे ट्रक, पाण्याचे टँकर, सामानाचे टेम्पो, सगळ्यांना एकाच आठवड्यात सगळं करून हवं असतं. माझी जुनी डिझेल गाडी या गर्दीत शिरली तेव्हा तिची तक्रार ‘चिक् चिक् चिक्’ या वर्गातली होती. सकाळी सुरू केली की चिकचिक, एसी लावला की जास्त, इंजिन तापलं की कमी. नदीकाठच्या दमट हवेत जरा जोरात.

आवाज बंद करायचे उपाय पुष्कळ असतात आणि बहुतेक स्वस्त असतात. पहिला साबणाचा. इंजिन बंद करून बेल्टच्या आतल्या अंगाला कोरडी साबणाची वडी घासायची, आवाज पळतो. कुणी मेणबत्ती घासतं, कुणी अंगाला लावायची पावडर मारतं. जुन्या गिरण्यांत चामड्याचा पट्टा घसरायला लागला की राळ लावत. राळेचा हेतू निदान पकड वाढवण्याचा होता, साबणाचा हेतू फक्त तोंड बंद करण्याचा. दुसरा उपाय बेल्ट ताणण्याचा, तिसरा नवा बेल्ट टाकण्याचा. हे तिन्ही उपाय वेगवेगळ्या हातांनी माझ्या गाडीवर होऊन गेले होते, आणि दर वेळी गाडी थोडे दिवस शहाण्यासारखी गप्प बसली होती. मग चिकचिक परत आली. या खेपेला तिच्या खालून आणखी एक आवाज येत होता, हलका आणि कोरडा. घरघर म्हणावी असा.

बोनेट उघडलं की इंजिनाच्या एका कडेला हा बेल्ट दिसतो. काळी, चपटी, जेमतेम दीड बोट रुंदीची पट्टी. आतल्या बाजूला लांबीभर सहा धारा. पाठीवर पांढऱ्या अक्षरांत ‘६ पीके’ आणि पुढं चार आकडी संख्या. सहा म्हणजे धारा, पीके म्हणजे त्या धारांचा ठरलेला साचा, आणि पुढची संख्या म्हणजे मिलिमीटरमधली लांबी. दोन धारांमधलं अंतर ३.५६ मिलिमीटर, म्हणजे सगळी रुंदी २१ मिलिमीटरच्या आसपास. एवढ्याशा पट्टीवर गाडीचा निम्मा संसार चालतो. क्रँकच्या पुलीवरून ती ताकद घेते आणि अल्टरनेटर, पाण्याचा पंप, एसीचा कॉम्प्रेसर, पॉवर स्टेअरिंगचा पंप यांना वाटत जाते. अल्टरनेटरला आमच्याकडचे जुने मेस्त्री अजून डायनामोच म्हणतात. बऱ्याच डिझेल गाड्यांत ब्रेकला जोर देणारा व्हॅक्यूम पंपही याच अल्टरनेटरच्या पाठीला जोडलेला असतो. म्हणून बेल्ट तुटला की बॅटरीचा लाल दिवा लागतो, स्टेअरिंग जड होतं, पाणी तापायला लागतं आणि ब्रेक लावायला मांडीतला सगळा जोर काढावा लागतो.

या गोतावळ्यात एक पुली अशी असते की तिच्यामागं काहीच नसतं. ना पंप, ना कॉम्प्रेसर. तिला आयडलर म्हणतात. ती कुणाला ताकद देत नाही, स्वतःसाठी घेत नाही. बेल्टला वळण लावायचं, दोन पुल्यांमधला लांब पल्ला फडफडू द्यायचा नाही, शेजारच्या पुलीला बेल्टचा पुरेसा विळखा बसेल असा कोन द्यायचा, एवढंच तिचं काम. काही गाड्यांत ताण कमीजास्त करायचा बोल्टही तिच्यापाशीच असतो. गुळगुळीत तोंडाची, तळहातात मावणारी चीज. मध्ये एक बेअरिंग, त्यातून आरपार एक बोल्ट. डॅशबोर्डवर तिच्या नावाचा दिवा नाही, काटा नाही. फेऱ्या मात्र काही कमी नाहीत. क्रँकच्या पुलीच्या निम्म्या आकाराची असेल तर ती दुप्पट वेगानं फिरणार. इंजिन मिनिटाला २,००० फेरे घेत असताना तिचे ४,००० झालेले असतात. पंढरपूर ते पुणे चार तास धरले, तर हडपसर येईतो तिनं साडेनऊ लाखांवर फेऱ्या मारलेल्या असतात. आषाढीला पंढरपुरात माणसं लोटतात, जवळपास तेवढाच आकडा.

मेस्त्रीनं आधी काही उघडलंच नाही. पाहुण्याकडं बघावं तसा इंजिनाकडं बघत उभा राहिला. गळ्यातली तुळशीची माळ त्यानं शर्टाच्या आत सारली, बाह्या वर केल्या. फिरत्या बेल्टपाशी माळ, बाही, उपरणं, काहीच लोंबतं चालत नाही. झाकणाला भोक पाडलेली पाण्याची बाटली घेतली आणि चालू इंजिनात बेल्टच्या धारांवर बारीक चिळकांडी मारली. चिकचिक तिथल्या तिथं थांबली. पाणी उडून गेलं, परत आली.

“सैल असता तर पान्यानं आणखी वरडला असता,” तो म्हणाला. “ह्यो गप बसला. म्हंजी वाकडा पळतोय.”

बेल्ट बनवणाऱ्या कंपन्याही हीच परीक्षा सांगतात. ओला बेल्ट जास्त किंचाळला तर ताण कमी आहे, क्षणभर शांत झाला तर पुल्या एका रेषेत नाहीत. घरघरीवर मात्र पाण्याचा काही परिणाम झाला नाही. मग त्यानं लांब स्क्रूड्रायव्हर काढला. टोक अल्टरनेटरच्या अंगाला टेकवलं आणि मूठ कानामागच्या हाडावर दाबली. तिथून पाण्याचा पंप, तिथून कॉम्प्रेसर, आणि मग आयडलरच्या मधल्या बोल्टवर. तिथं तो थांबला. काही न बोलता मूठ माझ्या हातात दिली. बाहेरून हलकी वाटणारी घरघर पोलादातून कानात शिरली ती चाळणीत खडे हलवल्यासारखी.

इंजिन बंद करून त्यानं बेल्ट उतरवला आणि एकेक पुली हातानं फिरवून पाहिली. अल्टरनेटरची थोडी फिरून थांबली. पंपाची जडशी वाटली, पण सारखी. आयडलरला त्यानं बोटानं झटका दिला तर ती सर्रर्र करत फिरतच राहिली. सगळ्यांत मोकळी, सगळ्यांत हलकी. न शिकलेल्या डोळ्याला तीच सर्वांत निरोगी वाटावी.

“हीच गेलीया,” मेस्त्री म्हणाला.

धड बेअरिंगमध्ये ग्रीस असतं आणि ते पुलीला किंचित धरून ठेवतं. झटका दिला तर ती एखाददुसरा फेरा घेऊन निमूट थांबते. इतकी सुटी फिरते याचा अर्थ आतलं ग्रीस संपलं आणि गोळ्या कोरड्या धावताहेत. नंतर त्यानं पुलीचा काठ दोन बोटांत धरून आतबाहेर हलवला. केसभर खेळ होता. तेवढ्यानं पुली तिरकी व्हायची, तिरक्या पुलीवरून बेल्ट वाकडा निघायचा आणि पुढच्या पुलीच्या खाचेत शिरताना धारा घासून चिकचिकायचा. काही महिन्यांपूर्वीच टाकलेल्या बेल्टचा एक काठ कुरतडल्यासारखा झाला होता, धागे बाहेर आले होते. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती अशी. संन्याशाला ओरडायची मुभा होती, म्हणून तो सापडला.

कान लावून खरंखोटं ठरवणं या गावाला नवं नाही. देवळाभोवतीच्या दुकानांत टाळ घेणारा वारकरी चकाकीवर जात नाही. एकदा वाजवतो, लांबणारा नाद ऐकतो, बद्द वाजला तर मुकाट्यानं ठेवून देतो. १९०६ मध्ये बार्शी लाइट रेल्वेचे अडीच फुटी रूळ पंढरपुरात पोचले. रेल्वेत गाडी उभी असताना चाकांवर हातोडी मारत जाणारा माणूस असायचा. चाक खणखणीत वाजलं तर धड, बसका आवाज आला तर कुठंतरी तडा. आणि या गावानं सांभाळलेली सगळ्यांत मोठी कानाची गोष्ट नामदेव पायरीसमोर, महाद्वारात आहे. चोखोबा मंगळवेढ्याला गावकुसाच्या भिंतीवर कामाला होते. १३३८ साली भिंत कोसळली आणि ते इतर मजुरांबरोबर तिच्याखाली गाडले गेले असं सांगतात. नामदेव तिथं गेले. ढिगाऱ्यातल्या हाडांत चोखोबांची कुठली, हे ओळखायचं कसं? कथा सांगते की त्यांनी हाडं कानाशी नेली, आणि ज्यांतून विठ्ठलाचं नाव ऐकू आलं ती गोळा केली. ती पंढरपुरात आणून समाधी बांधली, देवळाच्या बाहेर. चोखोबांना दरवाज्याच्या आत जाता येत नव्हतं आणि त्यांच्या मागून आलेल्यांनाही शतकानुशतकं येत नव्हतं. मे १९४७ मध्ये त्यासाठी साने गुरुजींना याच गावात उपोषणाला बसावं लागलं.

ही कथा कीर्तनात नेहमी नामाचा महिमा म्हणून सांगतात, आणि ते ठीकच आहे. मला तिच्यातलं दुसरंही काही खुणावतं. भिंत पडली ती बांधणाऱ्यांवर पडली. पाया खचला असेल, माती कच्ची असेल, कुणाला घाई झाली असेल. ते सगळं ज्यांच्या हातात होतं ते भिंतीखाली नव्हते. भार नेहमी खालच्या अंगाला उतरतो, आणि खाली असलेल्याचं म्हणणं ऐकायला कुणाला तरी हाडाला कान लावावा लागतो.

बेअरिंगचा इतिहासही याच वाटेनं गेला आहे. स्वीडनमध्ये गोथेनबर्गच्या एका कापडगिरणीत स्वेन विंगक्विस्ट नावाचा अभियंता यंत्रांची देखभाल पाहत असे. गिरणीखालची जमीन चिकणमातीची. ती खचायची, इमारत हलायची, लांबच लांब शाफ्ट रेषेतून सरकायचे आणि बेअरिंगं फुटायची. दोष जमिनीचा, बदली बेअरिंगची. विंगक्विस्टनं १९०७ मध्ये शाफ्ट थोडा तिरका झाला तरी स्वतःला जुळवून घेणारं बेअरिंग काढलं, आणि एसकेएफ ही कंपनी त्यातून उभी राहिली. सोलापूर जिल्ह्यात काळ्या मातीवर घर बांधलेल्या माणसाला यातलं काही समजावून सांगावं लागत नाही. माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, चौकट तिरकी होते आणि दार घासायला लागतं. आपण सुताराला बोलावतो आणि तो दार तासून देतो. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तासतो. जमिनीला कुणी विचारत नाही.

माझ्या आयडलरचं ग्रीस का संपलं, याला मेस्त्रीकडं दोन शब्दांचं उत्तर होतं. “लई ताणलाय.” पहिली चिकचिक बहुधा जुन्या बेल्टच्या झिजेची. हल्लीचे बेल्ट ईपीडीएम रबराचे असतात. आधीच्या निओप्रीनच्या बेल्टला भेगा पडत, त्यामुळे त्याचं म्हातारपण डोळ्यांना दिसायचं. ईपीडीएम सहसा भेगाळत नाही. धारांमधल्या खाचा हळूहळू रुंद होत जातात, पकड कमी होते, आणि बेल्ट वरून धडधाकटच दिसतो. तो घसरून ओरडला. त्याला गप्प करायला कुणीतरी बोल्ट आवळला. बेल्ट गप्प झाला, पण तो ताण कुठं गेला? आयडलरच्या बेअरिंगवर. गुस्टाफ लुंडबर्ग आणि अर्विड पाल्मग्रेन या दोन स्वीडिश संशोधकांनी १९४७ मध्ये बेअरिंगच्या आयुष्याचं गणित मांडलं, ते आजही वापरतात. त्या हिशेबानं गोळ्यांच्या बेअरिंगवरचा भार दुप्पट झाला तर आयुष्य निम्मं होत नाही, आठव्या हिश्श्यावर येतं. आयुष्य म्हणजे तरी काय, तर शंभरातली नव्वद बेअरिंगं जिथवर टिकतात तो पल्ला. उरलेली दहा त्याआधीच जातात, आणि ती कुणाच्या गाडीत बसलेली असतील ते कुणाला सांगता येत नाही. शिवाय हे झालं धातूच्या थकव्याचं. जास्त ताणात बेअरिंग तापतं, ग्रीस पातळ होऊन निघून जातं आणि थकायची पाळी येण्याआधीच ते कोरडं पडतं.

सगळी साखळी अशी होती. बेल्ट कुरकुरला. त्याला ताणून गप्प केलं. ताण पुलीवर गेला. पुलीला तोंड नव्हतं, तिनं सोसला. तिचं सोसणं संपलं तेव्हा बेल्ट पुन्हा ओरडला, म्हणून आपण बेल्ट बदलला. दाबलेली तक्रार नाहीशी होत नाही, ती ज्याला बोलता येत नाही त्याच्या अंगावर जाऊन बसते. आणि तिथून ती परत येते तेव्हा आधीपेक्षा महाग झालेली असते.

पूर्वी बैलगाडीच्या खाली वंगणाचं नळकांडं लटकवलेलं असायचं. एरंडेलाचं काळं, दाट वंगण. मुक्कामाला पोचलं की कुणी ना कुणी चाक सैल करून आखाला वंगण लावायचं, कारण नाही लावलं तर दुसऱ्या दिवशी गाडी साऱ्या रस्त्याला ऐकवत निघायची. काम घाणेरडं होतं, पण त्या निमित्तानं चाकाकडं रोज बघणं व्हायचं. आयडलरच्या बेअरिंगमध्ये ग्रीस कारखान्यातच भरून दोन्ही बाजूंनी रबरी झाकणं बसवलेली असतात. आयुष्यभराचं वंगण आत घेऊनच ते येतं. सोय मोठी आहे, पण तिच्यामुळं एक झालं. ज्याची निगा राखायला लागत नाही, त्याच्याकडं बघायचंही कारण उरलं नाही. आषाढीनंतर चिखलानं माखलेली गाडी दाबाच्या पाण्यानं धुतात, तेव्हा ते पाणी याच झाकणांच्या फटीतून आत शिरतं, आणि ते कुणाच्या लक्षात येत नाही ते त्यामुळंच.

पोरगं स्पेअरच्या दुकानातून आयडलर आणि बेल्ट घेऊन आलं. त्याआधी मेस्त्रीनं दोन पर्याय सांगितले होते. नुसतं बेअरिंग प्रेसवर दाबून बदलता येतं, स्वस्तात होतं. पण पुलीचं तोंड झिजलेलं असेल तर नवं बेअरिंग जुन्या पुलीत तिरकंच फिरणार. त्यानं जुन्या पुलीच्या तोंडावरून नख फिरवलं. मध्ये नखाला लागेल एवढी खोलगट पट्टी पडली होती. “पुरीच टाकू,” तो म्हणाला. नव्या पुलीला झटका दिला, ती अर्ध्या फेऱ्यात थांबली. मला ती आळशी वाटली, त्याला पसंत पडली.

बसवण्याचं काम बघायला गंमत वाटावी असं काही नसतं, तरी एक गोष्ट डोळ्यांत भरली. बोल्ट त्यानं आधी बोटांनी दोन-तीन आटे फिरवला. पाना नंतर. “पान्याला कळत न्हाई आटा वाकडा बसला का सरळ. बोटाला कळतं.” मग बेल्ट. कुठल्या पुलीच्या वरून आणि कुठल्या पुलीच्या खालून, हा नकाशा काही गाड्यांत बोनेटच्या आत चिकटवलेला असतो. इथला स्टिकर कधीच उडाला होता, म्हणून पोरानं उतरवण्याआधी मोबाइलवर फोटो काढून ठेवला होता. धारांची बाजू खाचांच्या पुल्यांवर, गुळगुळीत पाठ आयडलरवर. सगळीकडं बसल्यावर मेस्त्रीनं प्रत्येक पुलीवरून बोट फिरवलं. एखाद्या पुलीवर बेल्ट एका खाचेनं बाजूला बसला तर तो वरून बरोबरच दिसतो, आणि थोड्याच अंतरात स्वतःला फाडून घेतो. ताण देताना त्यानं दोन पुल्यांमधल्या मोकळ्या भागावर अंगठा दाबून पाहिला, बोल्ट थोडा आवळला, पुन्हा दाबला आणि थांबला. मला वाटलं अजून थोडा आवळेल. आवळला नाही. किती आवळायचं ते बऱ्याच जणांना येतं. कुठं थांबायचं, त्याला खरा हात लागतो.

गाडी सुरू झाली. चिकचिक नाही, घरघर नाही. नुसत्या इंजिनाचा आवाज. मेस्त्रीनं टॉर्च मारून बेल्टकडं पाहिलं, तो एका जागी उभा असल्यासारखा सरळ धावत होता. बिलात दोन वस्तू आणि मजुरी होती. मजुरी वस्तूंच्या मानानं अगदी किरकोळ. शेजारच्या एका गिऱ्हाईकाला तीही जास्त वाटली. “बोल्ट तर एकच हाय की,” तो म्हणाला. मेस्त्री म्हणाला, “व्हय. पण कुठला ते बघाय लागतंय.”

त्या आठवड्यात गावात वारीची गर्दी वाढत चालली होती. २०११ च्या जनगणनेत पंढरपूरची लोकसंख्या लाखाच्या आत होती, आणि एकादशीला दहा लाखांहून जास्त माणसं येतात. मुख्यमंत्र्यांची महापूजा, रिंगणं, पालख्यांचं आगमन, सगळं टीव्हीवर दिसतं, त्याची चर्चाही होते. रांग किती तास लांबली, पाणी कमी पडलं का, खोल्यांचे भाव किती चढले, यावर भांडणंही होतात आणि ती ऐकली जातात. ही गावाची बेल्टसारखी तोंडाळ तक्रार, तिच्यावर तातडीनं उपाय निघतो. पण द्वादशीनंतर गाव परत राहण्याजोगं करणारे सफाई कामगार असतात. दसपट माणसांचा ताण शेवटी त्यांच्या मनगटावर येतो. नदीच्या वाळवंटातला मैला माणसांनी हातानं उचलण्याचा प्रकार मुंबई उच्च न्यायालयापर्यंत जनहित याचिकेतून गेला, तेव्हा कुठं शौचालयांची आणि नदीपात्र मोकळं ठेवण्याची भाषा सरकारी कागदांवर ठळक झाली. हातानं मैला उचलायला लावणं बंद करणारा देशाचा नवा कायदा २०१३ चा. पासष्ट एकरांवरचा वारकऱ्यांचा तळ, रांगेनं उभी केलेली शौचालयं, या सोयी आल्या त्या चांगल्याच झाल्या. इतकी वर्षं त्या का आल्या नाहीत याचं उत्तर मात्र साधं आहे. घाणीबद्दल ओरडणारे खूप होते, त्यांना गप्प करण्यापुरती सफाई दरवर्षी होत होती. ज्यांच्या जिवावर ती होत होती त्यांचा आवाज गावापर्यंत पोचत नव्हता.

माणसांची पुलीशी बरोबरी करणं बरं नाही, हे मला कळतं. पुली गेली तर नवी आणता येते, आणि तिला काही वाटत नाही. म्हणूनच पुलीबाबत आपण जेवढी चौकशी करतो, तेवढी तरी माणसांबाबत करावी एवढंच म्हणणं आहे. कुरकुर ऐकू आली की कुरकुरणाऱ्याला काय द्यावं हा प्रश्न पहिल्यांदा सुचतो, कारण तो समोर असतो. त्याच्या शेजारी कोण उभं आहे, ताण कुणावर चालला आहे, जो इतका हलका, इतका मोकळा फिरताना दिसतो त्याच्या आत काही शिल्लक आहे का, हे विचारायला पाण्याची बाटली आणि थोडा वेळ लागतो. संस्थेत, कचेरीत, एकत्र राहणाऱ्या घरातही असा एखादा असतोच. त्याची कधी तक्रार नसते, कुठलंही काम सांगा, लगेच वळतो. त्याचं कौतुक होतं आणि कौतुकाबरोबर आणखी एक काम मिळतं. खरं तर काळजी वाटावी ती त्याच्या त्या सहज फिरण्याची.

निघताना मेस्त्रीनं काठ खाल्लेला बेल्ट गुंडाळून डिकीत टाकला. रस्त्यात वेळ आली तर गावापर्यंत आणेल म्हणाला. जुनी पुली पोरानं मागितली. बेअरिंग काढून त्याला गाड्याला चाक करायचं होतं.

“कार्तिकीची गर्दी सरली की आणा एकदा,” मेस्त्री म्हणाला.

“आवाज नसला तरी?”

“आवाज आल्यावर समदेच आणत्यात, सर.”

कार्तिकीनंतर गाडी नेली. काही आवाज नव्हता. त्यानं बेल्ट उतरवला, सगळ्या पुल्या फिरवून पाहिल्या, परत चढवला आणि पैसे घेतले. मागं उभ्या असलेल्या माणसाला वाटलं, मला फसवलं. मी त्याला समजावत बसलो नाही. त्याची गाडी तेवढ्यात सुरू झाली होती, आणि तिचा बेल्ट चांगलाच चिकचिकत होता.